किरणांची भीती घालायची आणि मागच्या पानावर यूव्ही डब्याची जाहिरात छापायची

मा. संपादक साहेब,
स.न.

कालच्या पुरवणीतला "अणुकिरणांचा मसाला तुमच्या ताटात" हा लेख वाचला आणि तेव्हापासून डोकं शांत नाही. मसाल्याला गॅमा किरणं देतात एवढं सांगितलं, वर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र लावलं, आणि कॅन्सर हा शब्द दोनदा वापरून लेख संपवला. काल दुपारपासून आमच्या बचत गटाला गिऱ्हाइकांचे फोन सुरू आहेत, काकू तुमच्या मिरची पावडरला किरणं मारता का हो, मग मागची पाकिटं परत घ्या. आणि त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर अर्धं पान जाहिरात, यूव्ही (अतिनील किरणांचा) डबा, भाजी ठेवा मसाला ठेवा बटण दाबा, ९९.९ टक्के जंतू खलास. राग त्या जाहिरातीचा जास्त आहे, कारण त्या निळ्या दिव्याने आमच्या बायकांचं काय झालं ते आम्ही भोगलंय.

नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे उघड्या वाळवणाच्या जागेवर, मिरची कशी वाळते ते तुम्हाला सांगायला नको, तुम्हीच दरवर्षी लाल गालिचाचे फोटो छापता. त्या वर्षी ऐन हंगामात अवकाळी आला, व्यापाऱ्यांची धावपळ, ताडपत्र्या कमी पडल्या, आमची जाऊबाई उंबऱ्यावरूनच ओरडली, मिरची भिजी गई व माय. पुन्हा वाळवली, देठं खुडली, काळी पडलेली मिरची निवडून फेकली, डंकावर कुटून पाकिटं भरली. पुण्याच्या एका दुकानदाराने सॅम्पल लॅबला दिलं आणि रिपोर्ट आला की बुरशी आणि जंतूंचं प्रमाण मर्यादेबाहेर. ऑर्डर हातची गेली.

तेवढ्यात एका शिबिरात (कोणाचं ते लिहीत नाही) एक विक्रेता भेटला. त्याच्याकडे स्टीलचं कपाट, आत निळे दिवे. म्हणे हे उन्हासारखंच आहे फक्त पॉवर जास्त, ट्रेमध्ये पावडर पसरा, अर्ध्या तासात निर्जंतुक, ना भाजायचं ना रंग जायचा. मी तिथेच विचारलं की भाऊ, उजेड ढिगाच्या आत कसा जाईल. शिबिर घेणारे साहेब म्हणाले ताई, प्रश्न नंतर, योजनेची मुदत संपतेय. गटाचं कर्ज झालं, कपाट आलं.

उन्हासारखं आहे हेच मुळात खोटं. जंतू मारणारे ते दिवे २५४ नॅनोमीटरचे असतात, यूव्ही-सी म्हणतात त्याला, आणि सूर्याचं यूव्ही-सी जमिनीपर्यंत पोचतच नाही, वर ओझोनचा थर ते अडवतो. म्हणूनच आपल्या डोळ्यांना आणि कातडीला त्याची सवय नाही. त्या किरणांनी जंतूचा डीएनए बिघडतो आणि त्याची वाढ थांबते हे खरं आहे, गुळगुळीत स्टीलचं टेबल, नितळ पाणी, बंद खोलीतली हवा यासाठी ते चांगलं काम करतं, दवाखान्यात वापरतात. पण ज्याच्यावर उजेड पडेल त्यालाच ते लागू. ज्वारीच्या राशीवर बॅटरी मारली तर वरचेच दाणे दिसतात, तसंच ते. मिरची पावडरचा प्रत्येक कण दुसऱ्या कणाच्या सावलीत असतो. त्यात काळ्या बुरशीचे बीजाणू यूव्हीला आणखी चिवट. आणि दिव्यावर मिरचीची धूळ बसली की आहे तो उजेडही कमी होतो.

आता डोळ्यांचं. कपाटाचं दार उघडलं की दिवा बंद व्हायला हवा, तसं स्विच त्यात नव्हतंच. आमच्या दोघी बायका दिवा चालू असताना ट्रे हलवायच्या, पावडर वरखाली करायच्या, कारण त्या माणसानेच सांगितलं होतं की मधून मधून हलवा. रात्री दोघींचे डोळे लाल, वाळू गेल्यासारखं खुपतंय, उजेड सहन होईना, पाणी थांबेना. मिरचीच्या कामात डोळ्यांतून पाणी येणं रोजचं, म्हणून आधी कुणालाच शंका आली नाही, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसल्या. डॉक्टरांनी विचारलं वेल्डिंगजवळ होतात का. तेव्हा कळलं. यूव्हीने डोळ्याच्या बाहुलीवरचा पारदर्शक पडदा भाजतो आणि त्रास लगेच नाही, काही तासांनी सुरू होतो, त्यामुळे कशाने झालं तेच माणसाला समजत नाही. दोन दिवसांत बऱ्या झाल्या, पण त्यातली एक अजूनही त्या खोलीत जात नाही. आणि पावडरचा रिपोर्ट परत नापास. विक्रेता फोन उचलत नाही, शिबिरवाले म्हणतात आम्ही फक्त ओळख करून दिली.

साहेब, असल्याच डब्याची जाहिरात तुम्ही छापली, मसाला ठेवा असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पैसे घेऊन छापता ते ठीक, पण दाराला स्विच आहे का एवढं तरी कोणी विचारलं का?

आता ज्याची भीती घातलीत त्याबद्दल. आम्ही नंतर एका मोठ्या व्यापाऱ्याच्या गाडीत आमचा माल वाशीला पाठवला, तिथे अणुऊर्जा विभागाच्या ब्रिट या संस्थेचं केंद्र आहे, २००० सालापासून मसाल्यांना गॅमा किरणं देतात. कोबाल्ट-६० लागतो त्याला, गॅमा किरणं त्या धातूतूनच निघतात. पाकीट सीलबंदच आत जातं आणि सीलबंदच बाहेर येतं, त्यामुळे नंतर पुन्हा जंतू लागायची भानगड नाही. कोबाल्ट अन्नाला शिवत नाही, काम नसलं की त्याला पाण्याच्या खोल टाकीत उतरवून ठेवतात, आणि त्याच्या किरणांची ताकद एवढी नाही की मिरची स्वतः किरणोत्सर्गी व्हावी. मसाल्यातले जंतू मारायला आपल्याकडे ६ ते १४ किलोग्रे (किरणांच्या डोसाचं माप) डोस मंजूर आहे, आणि १० किलोग्रे दिले तरी माल जेमतेम काही अंशांनीच तापेल, म्हणून तर वास आणि तिखटपणा टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेसह तीन आंतरराष्ट्रीय संस्थांच्या तज्ज्ञ समितीने १९८० सालीच सांगितलंय की १० किलोग्रेपर्यंत किरणं दिलेल्या अन्नात विषारीपणाचा धोका नाही. आमचा रिपोर्ट पास झाला. पाकिटावर किरणं दिलेल्या मालाचं ते हिरवं चिन्ह आम्ही छापतो, किरण-प्रक्रिया केली आहे असंही लिहितो, कायदाच आहे तसा आणि लपवण्यासारखं काही नाहीच. तुमच्या लेखकाला मात्र ते चिन्ह म्हणजे धोक्याचा इशारा वाटलं!

लासलगावचं केंद्र तर आपल्या उंबऱ्याशी आहे, धुळ्याहून मालेगाव मनमाड केलं की आलं. २००७ मध्ये आपला आंबा अमेरिकेला गेला तो तिथूनच किरणं देऊन गेला, किडीच्या कारणाने १९८९ पासून बंद होता तो. तिथेच कांद्याला मोड येऊ नये म्हणून अगदी कमी डोस देतात. आपल्या साक्री-चोपड्याच्या कांदेवाल्याला यातलं काय उपयोगी ते लिहा ना कधी. हे पण लिहा की कांदा काढून सुकवल्यावर लवकर न्यावा लागतो, मोड फुटायला लागल्यावर नेऊन फायदा नाही, आणि चाळीत ओला कांदा सडतो तो किरणांनी थांबत नाही. मिरचीचंही तसंच, बुरशीने आधीच अफ्लाटॉक्सिन तयार केलं असेल तर बुरशी मरते पण ते विष तिथेच राहतं. म्हणून पथारीवर शेड पाहिजे, सिमेंटचा ओटा पाहिजे, ताडपत्री वेळेवर पाहिजे. किरणं हा घाण मालावरचा इलाज नाही, चांगला वाळवलेला माल टिकवायची रीत आहे. एवढं लेखात असतं तर मीच तो कापून गटाच्या भिंतीवर चिकटवला असता.

किरणांची एवढीच भीती वाटते तर जी जुनी रीत होती तिच्याबद्दल एक ओळ का नाही? मसाल्याला इथिलीन ऑक्साइड वायू देतात, तो कॅन्सर करणारा म्हणून सिद्ध झालेला आहे, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतीय मसाल्याच्या पाकिटांवर कारवाई केली ती त्याच कारणाने. तुमच्याच पेपरात तेव्हा पहिल्या पानावर बातमी होती. मग आता पर्याय काय उरतो ते सांगणं तुमचं काम नाही का?

लेखात शेवटी घाईघाईत कोल्ड प्लाझ्मा (विजेने भारलेला वायू) आणि हाय प्रेशरचं नाव घेऊन म्हटलंय की हे सुरक्षित पर्याय लवकरच प्रत्येक भाजी मंडईत येतील. हाय प्रेशरमध्ये हवेच्या दाबाच्या जवळपास ६००० पट दाब देतात, तोही पाण्यातून, फळांचा रस, गर, चटणी यांच्यासाठी ते उत्तम, रावेर-यावलच्या केळीच्या गराला कोणी करून बघितलं तर मला आनंदच होईल. पण मशीन कोटींच्या घरातलं आणि कोरड्या पावडरला ते लागू पडत नाही. प्लाझ्मा अजून बहुतेक प्रयोगशाळेतच आहे. मंडईतल्या ताईला पालेभाजी धुवायला स्वच्छ पाणी मिळत नाही, तिला प्लाझ्मा कुठून देणार?

स्वच्छ पाण्यावरून आठवलं, माझा भाचा रावेरकडे केळीच्या पॅकहाऊसला आहे, तिथेही हीच गोष्ट. टाकीत क्लोरीन टाकतात, पण केळीचा चीक आणि माती पाण्यात गेली की क्लोरीन त्यांच्यातच संपून जातं, पाणी बदललं नाही तर बुरशी एका फणीवरून दुसऱ्या फणीवर जायला तीच टाकी कारण होते. आधी धुणं, मग जंतुनाशक, आणि ते थोडा वेळ लागून राहू देणं, एवढा साधा क्रम. २०२० मध्ये बाजाराच्या गेटवर माणसांवर हायपोक्लोराइट फवारायचे बोगदे लावले तेव्हा तुम्ही कौतुकाचे फोटो छापले होते, आणि १८ एप्रिलला केंद्राच्या आरोग्य खात्याने माणसांवर फवारू नका म्हणून सांगितलं ती बातमी आतल्या पानावर चार ओळीत. माझ्या सासऱ्यांना दमा, त्यांना त्या बोगद्यातून जावं लागलं होतं, म्हणून माझ्या लक्षात आहे.

माझं म्हणणं एवढंच, कुठली रीत कशावर चालते, किती खोल जाते आणि कुठे चालत नाही हे विचारून लिहा. लासलगाव जवळ आहे, वाशीचे लोक माहिती देतात, एखाद्या पत्रकाराला पाठवा. काल परत मागितलेली पाकिटं आमची आहेत, आणि त्या पाकिटांमागे बारा घरं आहेत. खुलासा छापायचा तर लेख ज्या पानावर होता त्याच पानावर छापा, आणि त्या डब्याच्या जाहिरातीचं पुढच्या रविवारी काय करणार तेही कळवा.

आणि जाता जाता, जिल्हा पानावरचे ओल्या आणि सुक्या मिरचीचे भाव गेले कित्येक दिवस तेच ते छापून येतायत, तारीख नवी आणि आकडे जुने. शेतकरी ते बघून गाडी भरतो. तेवढं दुरुस्त करा.

आपली नेहमीची वाचक,
मसाला करणाऱ्या महिला बचत गटाची सदस्य
ता. शहादा, जि. नंदुरबार