आजीचा वेगळा तवा

शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार, दुपार

चि. सोनू हिला आईचा आशीर्वाद.

फोनवर हे बोलणं जमत नाही. तू कायम घाईत, आणि इकडं पप्पा पेपर तोंडासमोर धरून सगळं ऐकत असतात. म्हणून वहीचं पान फाडलं. लिहून झालं की फोटो काढून पाठवते. अक्षर लावून वाच.

गेल्या आठवड्यात तू फॉर्ममधलं पान वाचून दाखवलंस, 'मी का जाणार' ते. आजी कॅन्सरशी वाघिणीसारखी लढली, तिच्यासाठी मी ऑस्टिनपासून अलास्कातल्या अँकरेजपर्यंत सायकल चालवणार, असं. पप्पा डोळे पुसत बाहेर गेले. मी गप्प राहिले, तर तुला वाटलं आईचा राग अजून गेला नाही.

राग होताच. चार हजार मैलांच्या वर, सत्तर दिवस, म्हणजे इथून दिल्लीला दोनदा जाऊन दोनदा परत येण्याइतकं. अकरावीत पन्हाळ्याला सायकलनं गेलीस, तर येताना वाघबीळापासून रडत फोन केला होतास. गल्लीत तर विचारतात, "पोरगी शिकायला धाडलीय का सायकल मारायला?" पप्पांचा प्रश्न निराळा, "सायकल मारून कॅन्सर कसा बरा होतो, ते सांग मला." त्यांना मीच समजावलं. दर पोरामागं साडेचार हजार डॉलर, म्हणजे आपले चार लाखांच्या आसपास, जमवायचे असतात आणि ते संशोधनाला, पेशंटच्या मदतीला जातात. ही टेक्सास ४००० नावाची सायकलफेरी ज्यानं काढली त्या क्रिस कॉन्डिटला लहानपणी स्वतःलाच कॅन्सर झाला होता, २००४ पासून तुमच्या युनिव्हर्सिटीची पोरं दरवर्षी जातात, हे सगळं तू सांगितलेलंच त्यांना ऐकवलं. पैशाचं त्यांना पटलं. वाटेतल्या अस्वलांचं अजून नाही.

पण मी गप्प बसले ते यासाठी नाही. वाघिणीसारखी लढली म्हणालीस ना, तिथं माझं अडलं.

तू चौथीत होतीस. तुला आठवतं ते आजीचं डोकीवरून पदर घेऊन रंकाळ्यावर तुझ्या सायकलमागं चालणं, आणि मग एकदम हार घातलेला फोटो. मधलं तुला आम्ही कधी सांगितलं नाही. तुला मावशीकडं ठेवलं होतं.

आपल्याकडं दोन तवे होते. एक भाकरीचा, एक आजीचा. आजीच्या तव्यावर तंबाखू भाजायची, काळी कुळकुळीत होईपर्यंत, मग खलबत्त्यात कुटून डबीत भरायची. मिश्री. लग्न होऊन आले तेव्हा त्या वासानं मला मळमळायचं. पुढं आजीचे हात थरथरायला लागले, तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मीच भाजून द्यायचे. करपू न देता, एकसारखी. "माझ्या सुनेच्या हाताची मिश्री," असं आजी शेजारणींना कौतुकानं सांगायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार?

आणि मग तो रस्सा. आषाढातला रविवार होता, पाहुणे जेवायला. आजीनं तांबड्या रश्श्याची वाटी बाजूला सारली आणि म्हणाली, "मला पांढराच घाल. तिखट सोसेना झालंय." अख्खी पंगत हसली. कोल्हापूरची म्हातारी आणि तिखट सोसेना! तुझे काका म्हणाले, आता आईला पुण्याला पाठवू या, तिथं गोड आमटी मिळंल. मीही हसले, पदर तोंडाला लावून. कच्चा कांदा आणि खर्ड्याबरोबर भाकरी खाणारी बाई ती. तिचं तोंड का भाजतंय, हे त्या पंगतीतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

त्यानंतर ती भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, तो मी पाहिला. दिवाळीच्या आधी. ती म्हणाली, दात लागलाय, कुणाला बोलू नको, स्लॅबचे पैसे आत्ता मोडायचे नाहीत. वरच्या मजल्याचा स्लॅब टाकायचा होता ना तेव्हा. मी नाही बोलले. गल्लीतल्या डॉक्टरांनी बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या, लावायला ग्लिसरीन दिलं. स्लॅब संक्रांतीनंतर पडला. चट्ट्याची जखम झाली तेव्हा कुठं पप्पांना कळलं. तू ज्या खोलीत अभ्यास केलास ती या स्लॅबवरची.

मग महालक्ष्मी एक्सप्रेस. रात्री कोल्हापुरात बसायचं, सकाळी दादरला उतरायचं. तू कधी लक्ष देऊन बघितलं नसशील, त्या गाडीत तोंडाला रुमाल बांधलेली, मांडीवर फायलीची पिशवी धरलेली माणसं असतात. ती सगळी परळला जाणारी. टाटाचं हॉस्पिटल १९४१ पासून तिथं आहे. गावाकडची माणसं आपसात कॅन्सर शब्दसुद्धा काढत नाहीत, "टाटाला नेलंय" म्हणतात, समोरच्याला कळतं. आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहिलो. एका सतरंजीवर आम्ही, पलीकडच्या सतरंजीवर बिहारचं कुटुंब. त्यांची भाषा आजीला येत नव्हती, पण त्यांच्या पोराला ती रोज खडीसाखर द्यायची.

पहिल्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घाला." चांगलं तोंड असलं तर तीन जातात. आजीचं एक गेलं. दुसरं घालताना तिनं माझ्याकडं बघितलं. तिची लबाडी पकडली गेली असं बघितलं. माझीही पकडली गेली होती.

ऑपरेशनमध्ये गाल आणि जबड्याचा तुकडा काढला. बोलणं बंद झालं, लिहिता तर कधी येतच नव्हतं. कॉटच्या दांडीवर बांगडी वाजवायची. एकदा वाजवली की पाणी, दोनदा वाजवली की पप्पांना बोलाव. तीनदा वाजवली तर कशाला, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मी एकेक वस्तू हातात घेऊन दाखवायचे, ती मान हलवायची. नंतर नंतर मला वाटायला लागलं की ती डबी मागत असावी. ते मी कुणाला विचारलं नाही.

आता सांग, यात वाघीण कुठं आली? ती घाबरली होती गं. मरणाला नाही, खर्चाला. तिला लढायला कुणी वेळच दिला नाही, आणि न देणाऱ्यांत मी पहिली. तुझ्या फॉर्मला मी खोटा म्हणत नाही. तुला आम्ही तेवढंच दिलं होतं, त्यातून तू ते केलंस. पण निघायच्या आधी रोज सकाळी तुम्ही सगळे गोल करून उभे राहता, आजचा दिवस कुणासाठी ते एकेक जण सांगतो, असं म्हणालीस. तिथं तू आजीचं सांगशील, तर तिखटाचं सांग. तव्याचं सांग. माझंही सांगितलंस तरी चालेल. आणि तिथं ग्रँडमदर नको, आजी म्हण. दोनच अक्षरं आहेत, जमतील त्या पोरांना.

तुझ्या फोननंतर दोन रात्री झोप नव्हती. मग सोमवारी भिशी आपल्याकडं होती, तेव्हा चहाच्या आधी मी सगळ्यांना म्हटलं, तीन बोटं तोंडात घालून दाखवा. आधी खिदळल्या. एकीची लिपस्टिक पसरली, त्यावर अजून हसल्या. अकराजणींची गेली. कोपऱ्यावरच्या काकूंची दोनच गेली, आणि त्या हसायच्या थांबल्या. त्यांच्या कमरेला डबी असते हे सगळ्यांना माहीत आहे. मंगळवारी मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडं गेले, तुकडा काढून तपासायला दिलाय. त्यांच्या सुनेला घरात बोलता येईना, म्हणून मीच बोलले. काकू माझ्यावर चिडल्या आहेत. चिडू देत.

बाकी, चटणी पाठवते आहे, मेतकूटही आहे. डब्याचं झाकण चिकटपट्टीनं बंद केलंय, कापूनच काढ. सीटवर बसून बसून सोलतं म्हणतात, त्याचं काहीतरी आधीच बघून घे, लाजू नकोस. पाऊस असला की उतारावर ब्रेक हळू दाब.

तुम्ही अलास्कात पोचाल तेव्हा तुमचे सकाळचे सहा म्हणजे आपल्याकडं संध्याकाळचे साडेसात, असं पप्पांनी बोटांवर मोजून काढलंय. आजीचं नाव कुठल्या दिवशी घेणार ते आधी कळव. त्या वेळी कुकर लावत नाही, शिट्ट्यांत काही ऐकू येत नाही.

काकूंचा रिपोर्ट शुक्रवारी आहे.

तुझी
आई