निपाणीचा काळा दगड आणि तुझा समुद्र

लाडक्या बाळा,

परवा फोनवर म्हणालीस की वर्गातली सगळी पोरं कोळंबी, मासे असले विषय घ्यायलेत आणि तुला मात्र जुन्या समुद्राचं, त्यात संपलेल्या जिवांचं शिकायचंय पण पुढं नोकरीचं काय म्हणून भ्या वाटतंय. पाव्हणे बसले होते, नीट बोलता आलं नाही, म्हणून टाइप करतेय, लांबलं तर लांबू दे. माझं म्हणणं, तू तेच घे.

आपल्या विहिरीला सुरुंग लावून जो काळा दगड फोडला तो 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा हाय. आजही 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय आणि आपला भाग त्याच्या दक्षिण काठावर, गोकाकच्या धबधब्याला गेलं की दगडच बदलतो आणि तुमच्या कारवारला तर हा नाहीच. लाव्हा जिथं पोचला तिथलंच जळलं, पण त्याच्यासंगं निघालेला कार्बन डायऑक्साइड साऱ्या जगाच्या हवेत गेला आणि समुद्र काही अंशांनी तापला. डायनासोर मात्र मुख्यतः उल्केनं संपले असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

खरा घात झाला तो 25.2 कोटी वर्षांपूर्वी, सैबेरियात. तिथला वितळलेल्या दगडाचा रस, म्हणजे वर न आलेला लाव्हाच, जमिनीखाली कोळशाच्या, चुनखडीच्या, मिठाच्या थरांत घुसला आणि ते सगळं भाजून निघालं, म्हणून वायू कितीतरी पटीनं वाढला. विषुववृत्ताजवळचं समुद्राचं पाणी 10 अंशांच्या आसपास तापलं. हे कळलं कशावरनं तर कोनोडोंट नावाच्या वामासारख्या छोट्या प्राण्यांच्या दातांवरनं, त्या दातांतल्या ऑक्सिजनचं हलकं-जड प्रमाण मोजलं की त्यावेळचं पाणी किती गरम होतं ते निघतंय, मला तर हे वाचून अंगावर काटा आला.

एप्रिल-मेमध्ये तळ्यातलं पाणी तापलं की मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात बघ, तसंच झालं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतोय आणि त्याच गरमीत जिवाला ऑक्सिजन जास्त लागतोय, दोन्हीकडनं कोंडी. वर वायू विरघळून पाणी आम्लाकडं झुकलं, मग शिंपल्याला आणि प्रवाळाला चुन्याचं कवच करणं जड गेलं. विषुववृत्ताकडचे जीव थोडे उत्तर-दक्षिणेला सरकले तरी त्यांना थंड पाणी मिळत होतं, पण ध्रुवाकडचे आधीच टोकाला, ते जाणार कुठं? म्हणून तिकडं नाश जास्त झाला असा हिशोब शास्त्रज्ञांनी मांडलाय. समुद्रातल्या 100 पैकी 80 च्या वर जाती संपल्या, कोट्यवधी वर्षं टिकलेले ट्रायलोबाइट नावाचे कवचवाले समुद्री किडे तेव्हाच गेले ते गेलेच, त्यावेळचे प्रवाळही सगळे गेले आणि आत्ताच्या प्रवाळांचे पूर्वज दिसायला जवळजवळ 1 कोटी वर्षं लागली.

हे जुनं म्हणून सोडून द्यायचं नाही बाळा. तिथं कोळसा लाव्ह्यानं भाजला, आता तोच आपण जाळायलोय. हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखात 280 होता तो आता 420 च्या वर गेलाय, तेही दोन-अडीचशे वर्षांत, आणि वाढलेल्या उष्णतेपैकी 90 टक्क्यांहून जास्त समुद्रानं पोटात घेतलीय. प्रमाण त्यावेळइतकं नाही हे खरं, पण वेग बघून मला काळजी वाटते.

आणि हे तुझ्या दारातच हाय. पावसाळा सरता सरता आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ खालचं कमी ऑक्सिजनचं पाणी वर चढतंय, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी ते वर्षानुवर्षं मोजलंय. ते आपोआप होतंय, पण खतं वाहून समुद्रात गेली की आणखी वाढतंय. ज्याला जुना समुद्र वाचता येतो त्यालाच ह्या पाण्याचं पुढं काय होणार ते ओळखता येईल असं मला मनापासून वाटतं. सरांना विचार, त्या कमी ऑक्सिजनच्या दिवसांतल्या गाळातली बारीक कवचं घेऊन काम करता येईल काय.

फीचं पप्पांशी बोलणं झालंय, ते तयार हाईत. नोकरीचं नंतर बघू. फॉर्मची शेवटची तारीख तेवढी कळव.

तुझी आई