‘ते’ बरं झालं, ‘तर’ बरं होईल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीपर्यंत आलेल्या मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजीतलं ‘नाइस’, ‘बेटर’, ‘स्ट्रेंज’, ‘ग्रेटफुल’ येतं. ‘इफ’ची वाक्यंही येतात. पण ‘तुम्ही आलात तर बरं होईल’ एवढं साधं वाक्य इंग्रजीत म्हणायला सांगा, तो अडखळतो. विशेषण शिकवलं जातं ‘डिग्री’च्या प्रकरणात, तीन रूपं पाठ करण्यापुरतं. ‘इफ’ शिकवलं जातं ‘अनलेस’ घालून वाक्य बदलण्यापुरतं. जी गोष्ट अजून घडायची आहे, किंवा घडायची राहून गेली, तिच्याविषयी चांगलं-वाईट मत द्यायचं असेल तर काय करायचं, हे दोन्हीकडे येत नाही. रजेच्या अर्जात, नोकरीच्या मेलमध्ये आणि बँकेच्या पत्रात मात्र नेमकं तेच लागतं.

आम्हा शिक्षकांना इथे मराठीची मोठी मदत आहे आणि ती आम्ही घेत नाही. ‘आलात ते बरं झालं’ आणि ‘आलात तर बरं होईल’ यांतला फरक पहिलीतल्या मुलालाही कळतो. ‘ते’ म्हणजे गोष्ट घडून गेली, ‘तर’ म्हणजे अजून घडायची आहे. इंग्रजीत ‘ते’च्या जागी ‘दॅट’ येतं आणि ‘तर’च्या जागी ‘इफ’: ‘इट इज गुड दॅट यू केम’ आणि ‘इट वुड बी गुड इफ यू केम’. दोन्ही वाक्यांत ‘केम’च आहे, हेही फळ्यावर दाखवावं. मुलं विचारतात, उद्या यायचंय तर भूतकाळ कशाला? उत्तर त्यांच्याच तोंडात आहे. मराठीतही आपण उद्याच्या येण्याला ‘आलात तर’ म्हणतो. ‘आलात’ हे रूप भूतकाळाचं, पण इथे त्याचा अर्थ भूतकाळाचा नाही. इंग्रजीतल्या या ‘केम’चंही तसंच आहे.

फरक पडतो तो पुढच्या अर्ध्यात. मराठीत ‘बरं होईल’ हे एकच रूप दोन कामं करतं. इंग्रजीत त्याची ‘विल बी’ आणि ‘वुड बी’ अशी वाटणी होते. ‘इट विल बी नाइस इफ यू कम’ हे चुकीचं नाही, पण त्यात येणं बऱ्यापैकी शक्य धरून पुढचा अंदाज सांगितल्यासारखं होतं. ‘इट वुड बी नाइस इफ यू केम’ किंवा ‘इफ यू कुड कम’ म्हटलं की बोलणारा निर्णय समोरच्यावर सोडतो. विनंतीच्या पत्रात म्हणून दुसरंच हवं. नेहमीच्या अनुभवाची गोष्ट असेल, म्हणजे ‘मीठ शेवटी घातलं तर बरं’, तर दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘इट इज बेटर इफ यू अ‍ॅड द सॉल्ट लास्ट’.

सगळ्यात जास्त लाल शाई खर्च होते ती हुकलेल्या गोष्टीवर. ‘आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.’ मराठीत दोन्ही अर्ध्यांत ‘असतं’ आहे, म्हणून मुलं दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लिहितात. इंग्रजीत ते दोन ‘असतं’ वेगवेगळे आहेत. ‘इफ’च्या बाजूचं ‘असतं’ म्हणजे ‘हॅड’, विशेषणाच्या बाजूचं म्हणजे ‘वुड हॅव’: ‘इट वुड हॅव बीन बेटर इफ यू हॅड टोल्ड मी’. वर्गात आम्ही एकच सूत्र सांगतो: ‘वुड’ विशेषणाच्या बाजूला, ‘इफ’च्या बाजूला नाही. याला अपवाद विनंतीचा. ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू वुड सेंड’ बरोबर आहे, कारण तिथे दुसरं ‘वुड’ समोरच्याची तयारी विचारतं, ‘पाठवायची कृपा कराल का’ असं. जुन्या सरकारी पत्रांतलं ‘आय शॅल बी ग्रेटफुल इफ यू विल’ही याच कारणाने शुद्ध. ‘पाठविल्यास उपकृत होईन’ याचं इंग्रजी करताना ‘-ल्यास’ म्हणजेच ‘इफ’, हे सांगायला विसरू नये. आणि ‘ग्रेटफुल’ऐवजी ‘अप्रिशिएट’ घेतलं तर मध्ये ‘इट’ हवंच: ‘आय वुड अप्रिशिएट इट इफ’. ते क्रियापद आहे, त्याला कर्म लागतं. विशेषणाला लागत नाही.

‘बेटर’ची एक चूक महाग पडते. ‘तुम्ही आलात तर बरं’ याचं ‘यू बेटर कम’ केलं जातं. हे ‘यू हॅड बेटर कम’चं तुटलेलं रूप आहे आणि त्यात ‘नाही आलात तर बघा’ अशी धमकीची छटा येते. वरिष्ठांना असं पाठवलेलं पत्र उद्धट वाटतं, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

‘सोयीचं असेल तर’ याचं ‘इफ यू आर कन्व्हीनियंट’ होतं, तेही असंच. मराठी नीट ऐकलं तर ही चूक होणार नाही. आपण ‘तुम्ही सोयीचे असाल तर’ म्हणत नाही, ‘तुम्हाला सोयीचं असेल तर’ म्हणतो. त्या ‘तुम्हाला’चं ‘फॉर यू’ करायचं: ‘इफ इट इज कन्व्हीनियंट फॉर यू’. ‘पॉसिबल’, ‘नेसेसरी’, ‘ईझी’, ‘डिफिकल्ट’ यांचंही तेच. ‘काइंड’, ‘वाइज’, ‘फूलिश’ मात्र माणसाच्या स्वभावावर शेरा मारतात, तिथे ‘ऑफ यू’: ‘इट वुड बी काइंड ऑफ यू टु हेल्प’.

‘पॉसिबल’बद्दल आणखी थोडं, कारण पाठ्यपुस्तकं इथे फारशी थांबत नाहीत. ‘तुम्ही आलात तर बरं होईल’ यात बरं काय? येणंच. म्हणून ‘तुम्ही येणं बरं होईल’ असं फिरवलं तरी अर्थ टिकतो. ‘गाडी मिळाली तर शक्य होईल’ हे ‘गाडी मिळणं शक्य होईल’ असं फिरवून पाहा, अर्थच बदलतो. इथे शक्य होणार आहे ते जाणं, गाडी ही फक्त अट. म्हणजे ‘इफ’ कधी मताचा विषय सांगतं, कधी नुसती अट. अट असेल तेव्हा इंग्रजीत विषय वेगळा लिहावा: ‘इट वुड बी पॉसिबल टु गो इफ वुई हॅड अ कार’. वाक्य फिरवून पाहायला मुलांना दोन मिनिटं पुरतात.

मनातली भावना सांगणारी विशेषणंही याच वाटेने जातात. ‘तो पास झाला याचं नवल वाटतं’ म्हणजे ‘आय अ‍ॅम सरप्राइज्ड दॅट’. ‘तो पास झाला तर नवलच’ म्हणजे ‘आय वुड बी सरप्राइज्ड इफ’, आणि त्यात तो पास होणार नाही हे आपलं मत दडलेलं आहे. ‘सॉरी’मध्ये तर हा फरक सचोटीचा होतो. ‘आय अ‍ॅम सॉरी दॅट आय हर्ट यू’ यात चूक कबूल आहे. ‘आय अ‍ॅम सॉरी इफ आय हर्ट यू’ म्हणजे ‘भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे’. दुखावल्या की नाही, ते अधांतरीच. विद्यार्थ्यांना माफीचं पत्र शिकवताना ‘दॅट’ शिकवावं.

वाचताना एक खड्डा लागतो. ‘अ यूसफुल इफ एक्स्पेन्सिव्ह बुक’ असं कुठे दिसलं तर तिथे ‘इफ’ म्हणजे ‘तर’ नाही, ‘तरी’: महाग असलं तरी उपयोगी पुस्तक. उताऱ्यावरच्या प्रश्नांत हुशार मुलंही इथे फसतात.

यासाठी वेगळा तास नको. फळ्यावर तीन मराठी वाक्यं लिहावीत: ‘आलात ते बरं झालं’, ‘आलात तर बरं होईल’, ‘आला असतात तर बरं झालं असतं’. ‘ते’, ‘तर’ आणि दोन्ही ‘असतं’ यांखाली मुलांनीच रेघ मारावी. खाली तीन इंग्रजी साचे लिहून ‘गुड’च्या जागी ‘नाइस’, ‘बेटर’, ‘हेल्पफुल’, ‘स्ट्रेंज’, ‘राँग’ आणि ‘सॅड’ आळीपाळीने बसवावेत. सात विशेषणांची 21 वाक्यं एका तासात तोंडी होतात. ‘इफ’ आधी आलं तर मध्ये स्वल्पविराम, नंतर आलं तर नाही, हेही तेव्हाच सांगून टाकावं. व्याकरणाच्या पुस्तकात हे साचे ‘अनलेस’च्या शेजारी न ठेवता पत्रलेखनाच्या धड्यात घालावेत, अशी पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्यांना आमची विनंती आहे. ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ’ची मुलाला पहिल्यांदा गरज पडते ती तिथेच.

आपले,
इंग्रजी विषयाचे काही शिक्षक, जि. सातारा