झोपाळ्यावर माझ्या आईलाही बसू द्या

मा. मंत्रीमहोदय,
सामाजिक न्याय विभाग, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

माझी आई ७८ वर्षांची, चार वर्षांपासून डिमेन्शिया आहे. सकाळी काय खाल्लं ते तिला सांगता येत नाही, कधीकधी माझं नावही आठवत नाही, पण हातात सागरगोटे दिले की एक वर उडवून खालचे दोन उचलून वरचा बरोब्बर झेलते. गेल्या महिन्यात बागेत ती सरळ जाऊन झोपाळ्यावर बसली, पायाने रेटा दिला आणि हसली, किती दिवसांनी हसली ते माझं मला माहीत, आणि तेवढ्यात वॉचमन शिट्टी वाजवत आला, "आजी उठा, १२ वर्षांच्या आतल्यांसाठी आहे." त्याचं चुकलं नाही हो, तो झोपाळा मोठ्यांच्या वजनाचा नाहीच. मग मोठ्यांचा कुठंय?

ज्येष्ठांसाठी म्हणून बागेत काय, तर चार बाकडी आणि ॲक्युप्रेशरचे दगड, त्यावर आईला पायही ठेवता येत नाही.

वयोश्री योजनेत ६५ वरच्यांना ३००० रुपये देता, त्यात चष्मा येतो, काठी येते, चांगलंच आहे. पण आईला काठी नकोय, तिला करमायला पाहिजे. देशात साठीपुढच्या जवळपास ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, म्हणजे शंभरात सात.

फार काही लागत नाही साहेब. पाठ टेकायला आणि हात धरायला असेल असा रुंद, बुटका झोपाळा, शेजारी मी बसेन एवढा. वाट गोल फिरून परत गेटपाशीच येणारी, कारण फाटा आला की आई घाबरून थांबते. फरशी एकाच रंगाची, चकचकीत नको आणि मध्ये काळा पट्टा तर नकोच, तो तिला खड्डा वाटतो, लिफ्टसमोरचं काळं पायपुसणं ती ओलांडतच नाही, मी रोज पायाने बाजूला सारते. टॉयलेटचं दार बाकावरून दिसलं पाहिजे. आणि सावलीत एक ओटा, कमरेएवढा, वर सारीपाट कोरलेला, चिंचोके आम्ही घरून आणू. नेदरलँड्समध्ये अशा आजीआजोबांसाठी टेबलावर प्रोजेक्टरने उजेडाचे खेळ पाडतात, ते हाताने खेळतात, आपल्याला तेवढंही नको, ओटा आणि झोपाळा द्या.

एका बागेत तरी करून बघा. आम्ही रोज साडेपाचला जातो, आई गेटमधून आत शिरली की अजून झोपाळ्याकडेच वळते आणि मी तिचा हात धरून तिला बाकड्याकडे नेते.

आपली,
एक मुलगी