मागे घेताना

प्रिय मित्रा,

तुझे फोन मी मुद्दामच उचलले नाहीत, रागावू नकोस. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘अरे सोड ना, होतं असं’ म्हणतोस आणि मग माझ्या तोंडून पुढचं काही निघत नाही. म्हणून लिहायला बसलोय. निदान कागद तरी मध्ये बोलत नाही.

तर, ट्रेलरवरची ड्रायव्हरची नोकरी गेली. सोमवारी सकाळी गाडीची किल्ली, चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट आणि डिझेलचं कार्ड टेबलावर ठेवून आलो. चार महिने आणि अकरा दिवस. प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं, तेवढंही पुरं झालं नाही. घरी सांगितलंय की कामं कमी झाली, म्हणून नव्या पोरांना काढलं. तुला खरं सांगतो. गाडी मागे घेताना तीनदा ठोकली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तिन्ही वेळचं नुकसान एकत्र केलं तरी ट्रकच्या एका नव्या टायरच्या पैशात भागलं असतं. पण तीनदा म्हणजे तीनदा.

आणि गंमत ऐक. पुढे जाताना मला कुणी नाव ठेवू शकलं नसतं. चार महिन्यांत साधारण १८,००० किलोमीटर झाले, रात्री, पावसात, धुक्यात, एक ओरखडा नाही. मागे किती गेलो असेन? एकेका गोदामात लावताना पन्नास-साठ मीटर. सगळं जोडलं तरी १० किलोमीटर भरायचे नाहीत. त्या १० किलोमीटरनी मला घरी बसवलं.

तू लेथवर शतांश मिलिमीटर सांभाळतोस, तुला हे पटकन कळेल. ट्रेलर पुढे ओढताना तो आपोआप सरळ होत जातो. मागे ढकलताना बरोब्बर उलट. जरासा तिरपा झाला की तो तिरपेपणा स्वतःच वाढवत नेतो. तळहातावर काठी उभी धरतो ना आपण, तसंच. काठी कलायच्या बेतात असतानाच हात हलवावा लागतो, पडताना दिसल्यावर हलवून काय उपयोग? त्यात स्टेअरिंग उलटं. ट्रेलरची शेपूट डावीकडे न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडे. शेपूट वळायला लागली की स्टेअरिंग परत सोडून घोडा, म्हणजे पुढचं इंजिनाचं धूड, तिच्या मागोमाग न्यायचा. सोडायला उशीर झाला की दोन्ही चाकूसारखे मिटतात. शिकवताना एक युक्ती सांगतात: हात स्टेअरिंगच्या तळाशी धर, मग हात जाईल तिकडे शेपूट जाईल. युक्ती खरी आहे. डोकं शांत असेल तर.

लोकांना वाटतं छोटा ट्रेलर सोपा. मुळीच नाही. छोटा फार चटकन फिरतो, विचार करायला वेळच देत नाही. लांब ट्रेलर आळशी असतो, त्याच्याशी निदान बोलता येतं.

ट्रेनिंगबद्दल थोडं रडून घेतो, मग माझ्याकडे येतो. लायसन्सच्या परीक्षेला मोकळं मैदान होतं, प्लास्टिकचे शंकू आणि ऊन. कंपनीत सुरुवातीचे काही दिवस एक जुना ड्रायव्हर शेजारी दिला होता. माणूस चांगला, पण गोदाम आलं की म्हणायचा, ‘दे इकडे, उशीर होतोय.’ आणि स्वतः एका झटक्यात लावून मोकळा. मी शेजारी बसून बघायचो. बघून पोहता आलं असतं तर काय हवं होतं! मीही कधी ‘नाही, मला लावू द्या’ म्हटलं नाही. उलट आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटायचं, हे आज कबूल करतो.

पहिल्यांदा ठोकली ती तिसऱ्या आठवड्यात, आणि तीही पुढून! मागे घेताना सगळं लक्ष शेपटीवर. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलेलं, त्यामुळे घोड्याचं नाक बाहेरच्या बाजूला झपकन फिरलं आणि बंपरचा कोपरा तिथल्या सिमेंटच्या खांबाला लागला. नोंदवहीत मात्र ‘रिव्हर्स घेताना’ असंच लिहिलं गेलं, आणि ते बरोबरच आहे म्हणा.

दुसऱ्या वेळी खरंच नवीन काहीतरी कळलं. डॉककडे, म्हणजे गोदामाच्या माल उतरवायच्या ओट्याकडे, जाणारा रस्ता उताराचा होता. ट्रेलरचं बूड उतारावर आलं की अख्खा ट्रेलर मागे कलतो, म्हणजे बुडाची वरची कड खालच्या कडेच्या आधी भिंतीशी पोचते. मी आरशात चाकं बघतोय, डॉकचं रबर अजून वीतभर लांब आहे म्हणून निवांत आहे, आणि वरून पत्रा चुरगळल्याचा आवाज. छपराची पन्हळ गेली. आरशात वरचं काही दिसत नाही रे. ट्रेलरला कॅमेराही नव्हता. घोडा एकच, मागचे ट्रेलर रोज वेगळे, कशाकशाला कॅमेरे लावणार? खाली उतरून चार पावलं मागे जाऊन वर बघितलं असतं तर शाळकरी पोरालाही ते दिसलं असतं.

उतरायचं. एवढंच असतं खरं तर. हँडब्रेक ओढायचा, हवेचा फुस्स आवाज होतो, तीन पायऱ्या उतरायच्या, मागे जायचं, बघायचं, परत चढायचं. फार तर दोन मिनिटं. पण त्या दोन मिनिटांत सगळं गोदाम आपल्याकडे बघतंय असं वाटतं. हमाल माल उतरवायचा थांबून बघतात, बाजूचे ड्रायव्हर सिगारेट ओढत बघतात. जुना ड्रायव्हर उतरला की लोक म्हणतात, माणूस काळजी घेतो. नवा उतरला की म्हणतात, याला येत नाही. निदान मला तसंच ऐकू यायचं. कुणी खरंच म्हणालं का, तर नाही.

आता तिसरी. हिच्याबद्दल मी घरीच काय, कंपनीतही खोटं बोललो.

रात्रीची वेळ, ४० फुटी कंटेनर. तू मापाचा माणूस, म्हणून सांगतो: लांबी १२.१९ मीटर, रुंदी २.४४. गेट साडेतीन मीटरचं. म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर, तेही सरळ गेलो तर. आणि जायचं होतं वळून, क्लीनर साइडला, म्हणजे ड्रायव्हरच्या पलीकडच्या, डाव्या बाजूला. क्लीनर कुणी नव्हताच, बाजूला नाव मात्र त्याचंच. त्या बाजूला वळताना माझ्याकडच्या आरशात नुसता अंधार दिसतो. पलीकडच्या आरशात कंटेनरची लांबच लांब भिंत, आणि शेपूट त्या भिंतीच्याही पलीकडे. आमच्यात म्हणतात, तशी गाडी घ्यावी लागूच नये असा बेत आधी करावा. पुढे जाऊन, वळून, दुसऱ्या अंगाने यावं. दहा मिनिटं लागली असती. नाही गेलो.

गेटवर एक म्हातारे वॉचमन होते. टॉर्च घेऊन मागे उभे राहिले. पलीकडच्या आरशात तेवढा एक उजेडाचा ठिपका दिसत होता, खालीवर हलणारा. ‘येऊ दे, येऊ दे.’ मी त्या ठिपक्यावर भरवसा टाकून हळूहळू मागे येतोय, रिव्हर्सचा टीं-टीं चाललाय, पुढे रस्ता अडला म्हणून चार गाड्या हॉर्न वाजवतायत.

आणि ठिपका गेला.

नियम एकच आहे आणि तो पहिल्या दिवशी शिकवतात: इशारा देणारा माणूस दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबवायची. का गेला, कुठे गेला, हे नंतर. मला नियम आठवला. विसरलो असतो तर बरं वाटलं असतं. आठवला, आणि पाय ब्रेकवर जायच्या आधी हॉर्न वाजला, आणि मनात आलं, येईल की परत, एवढं तर सरळच आहे. दोन सेकंद असतील, तीन असतील. मग कर्र. गेटचा खांब वाकला, मागच्या दिव्याची लाल काच फुटली. बस एवढंच.

रिपोर्टात मी लिहिलं: ‘वॉचमनने येण्याचा इशारा केल्यावर गाडी मागे घेतली.’ अक्षर काय सुंदर काढलंय, तू बघायला हवं होतंस.

सोमवारी सुपरवायझरने बोलावलं. गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्याच्याकडे आलं होतं. आवाज नाही, नुसतं चित्र. एकदा दाखवलं, काही न बोलता परत दाखवलं. मग विचारलं, ‘टॉर्च दिसत होता?’ मी म्हटलं, ‘नाही.’ तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने विम्याचं समजावून सांगितलं. नुकसानीतली ठरावीक रक्कम आधी कंपनीने स्वतः भरायची असते, आणि माझ्यासारखी छोटी नुकसानं सगळी त्या रकमेच्या आतच बसतात. म्हणजे विमा असून पैसे कंपनीच्याच खिशातून. वर, विमा नवा करताना किती मोठं झालं तसंच किती वेळा झालं तेही बघतात. ‘तीनदा लहान ठोकणारा चौथ्यांदा लहानच ठोकेल असं मी कुणाला लिहून देऊ?’ म्हणाला. याला मी काय उत्तर देणार? त्याच्या खुर्चीत मी असतो तर दुसऱ्या वेळेलाच चार दिवस मैदानावर पाठवलं असतं मला. तिसऱ्या वेळेनंतर मात्र मीही काढलंच असतं.

परवा त्या गेटवर जाऊन आलो. वॉचमनकाकांना माझ्या रिपोर्टावरून बोलणी बसली होती, हे मला तिथे गेल्यावर कळलं. मी म्हटलं, काका, मी खोटं लिहिलं होतं. ते काही बोलले नाहीत. खांब सरळ केलाय, त्याला हात लावून दाखवला. मग म्हणाले, ‘एक मोटरसायकलवाला तुझ्या मागून घुसत होता. त्याला अडवायला पळालो मी.’

तेव्हापासून झोप धड नाही. चित्रणात ती मोटरसायकल नव्हती रे, ती चौकटीच्या बाहेर होती. मी ज्याच्यावर दोष ढकलला तो माणूस माझ्याच चाकाखाली येणाऱ्याला ओढून बाजूला करत होता, आणि मी हॉर्न ऐकत होतो.

सुपरवायझरला चिठ्ठी पाठवलीये, काकांचा काही दोष नव्हता म्हणून, मोटरसायकलसकट. नोकरी परत मागितलेली नाही. पुढे जिथे अर्ज करेन तिथे ‘आधीचे अपघात’ असा रकाना असणारच. तिन्ही लिहिणार आहे, तिसऱ्याचं खरं कारणही. कुणी घेईल, कुणी नाही घेणार. घरी आज रात्री सांगतो. हे पत्र आधी लिहिलं ते त्याची तालीम म्हणून, असं समज हवं तर.

धाकटीची पट्टी आणि कंपासपेटी टाचणीने जोडून मी रोज टेबलावर ट्रेलर मागे घेतोय. ती म्हणते, बाबा, तुमचा पुन्हा वाकडा गेला. जातोच. टेबलावर कळतं ते गाडीत कळत नाही.

म्हणून एक काम सांगतो. तोच जुना ड्रायव्हर, ‘दे इकडे’वाला, त्याला माझं कळलं तेव्हा स्वतःहून फोन केला. त्याच्या ओळखीत एकाचा रिकामा ट्रेलर रविवारी मैदानात उभा असतो, दोन तास मिळेल म्हणाला. या वेळी तो शेजारी बसणार नाही, लांब उभा राहणार आहे, असंही स्वतःच म्हणाला. चार जुने टायर मांडून साडेतीन मीटरचं गेट करायचंय. मला क्लीनर साइडनेच घ्यायचीये, आणि मी दर वेळी उतरणार आहे, तुम्ही दोघं हसलात तरी.

मागे उभं राहायला माणूस हवाय. मापाची टेप तुझी आण, टायर मी आणतो. मध्येच एकदा, मला न सांगता, आरशातून बाजूला हो. मी थांबतो की नाही ते बघायचंय.

तुझाच