‘एक स्टंटमन’ म्हणजे कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या रविवार पुरवणीतला मूकपटांतल्या विमानांवरचा लेख वाचला. त्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर चार शब्द जास्त गेले असते, म्हणून एक रात्र मध्ये जाऊ दिली. तरी राग पुरता उतरलेला नाही, तेवढं सांभाळून घ्यावं.

लेखकांची भाषा उत्तम आहे. ‘विंग्ज’ या 1927 सालच्या वैमानिकांवरच्या युद्धपटात नायिका क्लारा बो कशी दिसली यावर अख्खा परिच्छेद, दिग्दर्शक वेलमनच्या तापट स्वभावावर दुसरा. 1929 सालच्या पहिल्या ऑस्करचीही हजेरी लागली. आणि मग एकच वाक्य : ‘चित्रीकरणात एका स्टंटमनची मान मोडली.’ की लगेच गाडी पुन्हा बो बाईंच्या केसांवर.

अहो, ज्याची मान मोडली त्याला नाव होतं. डिक ग्रेस. आणि ती मान कशी मोडली हे सांगण्यासारखं होतं, केसांपेक्षा तर नक्कीच.

मी हवाई दलात वीस वर्षं एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि चाकं सांभाळणारा कारागीर होतो. विमान पडू नये म्हणून पगार घेत होतो. ग्रेस ते पाडायचे पैसे घ्यायचा. पण कामाची रीत बघाल तर आमच्याच जातीचा माणूस. विमान आपटायचं म्हणजे नाक खाली करून देवाचं नाव घ्यायचं नसतं. चाकांचे स्ट्रट, म्हणजे चाकं धरून ठेवणारे दांडे, तो आधीच करवतीनं अर्धवट कापून ठेवायचा. हेतू असा, की जमिनीला टेकताच चाकं मोडून पडावीत आणि धक्क्यातला बराचसा जोर त्या मोडण्यातच जिरावा. ‘विंग्ज’मध्ये एक स्पॅड विमान त्यानं असंच उलटवलं आणि धडधाकट बाहेर आला. दुसऱ्या, फॉकर विमानाच्या वेळी मात्र मोडायची ती चाकं मोडलीच नाहीत. मग तो सगळा हिसका मानेवर आला. मजबूत सांधा वाईट आणि कच्चा सांधा चांगला, असं हे उलटं गणित. आमच्या हँगरमध्ये कुणी सांगितलं असतं तर त्याला आधी मेडिकलला पाठवलं असतं.

तुमच्या लेखकांनी या सगळ्या लोकांना ‘वेडे पीर’ म्हटलंय. वेड्याला करवत कुठे चालवायची ते कळत नाही. हा ग्रेस पुढे दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांवर गेला आणि 1965 साली आजारपणात वारला, विमानात नव्हे.

आता दुखणं सांगतो. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्याच एका चित्रपट मंडळानं ‘विंग्ज’ दाखवला. नाव सांगत नाही, त्यातले दोघे अजून माझ्याबरोबर सकाळी फिरायला येतात. खेळ सहाचा. सव्वासहा वाजले तरी समईची वात पेटेना, पंखा बंद करायचं कुणाला सुचेना. मध्यंतरात प्रायोजकांचा सत्कार, शाल, श्रीफळ. प्रायोजक आपल्या मातोश्रींवर वीस मिनिटं बोलले. बाई थोर होत्या यात शंका नाही, पण पडद्यावर युद्ध खोळंबलं होतं. सव्वादोन तासांच्या वरचा चित्रपट, त्यामुळे शेवटी ‘चर्चेला वेळ मिळावा’ म्हणून ऑपरेटरला तो पुढे पळवायला सांगितलं. त्यानं नेमकी विमानं पळवली. मी ज्यासाठी दोन बस बदलून आलो होतो ती झुंज पडद्यावर चिलटांसारखी भुर्रकन उडून गेली.

चर्चेत मी उभा राहिलो. म्हटलं, मघाशी विमान उलटलं त्यात खरोखर माणूस होता. निवेदिका म्हणाली, “काका, प्रश्न विचारा, मत नको.” मी म्हटलं, प्रश्नच आहे, त्याचं नाव इथं कुणाला ठाऊक आहे का? व्यासपीठावरचे अभ्यासक हसले. “ती सगळी कॅमेऱ्याची ट्रिक असायची हो काका.” माइक पुढच्या रांगेत गेला आणि तिथून प्रश्न आला, क्लारा बोचं पुढे काय झालं? हिनं माझी बाही ओढली, “बसा आता, लोक बघताहेत.” बसलो. तो माइक अजून डोक्यातून जात नाही. रविवारी तुमचा लेख वाचताना पुन्हा तिथेच बसल्यासारखं झालं.

ट्रिकच असती तर वेलमन टेक्ससमध्ये ढगांची वाट बघत मुक्काम ठोकून कशाला बसला असता? मोकळ्या आभाळात विमानाचा वेग दिसत नाही, मागे ढग लागतात, हे त्या गड्याला कळत होतं. पहिल्या महायुद्धात तो स्वतः लढाऊ वैमानिक होता. रिचर्ड आर्लेन आणि बडी रॉजर्स हे नट खरंच वर जायचे. कॅमेरा विमानावरच त्यांच्या तोंडासमोर बसवलेला, आणि तो चालू करायचाही त्यांनीच. रॉजर्स तर चित्रीकरण चालू असतानाच विमान शिकला. एवढं तरी लेखात यायला हवं होतं.

लॉकलियरबद्दल तर मौनच. ऑर्मर लॉकलियर, उडत्या विमानाच्या पंखावर चालणारा, एका विमानातून दुसऱ्यात जाणारा टेक्ससचा गडी. तो काही कुणाचा डमी नव्हता, चित्रपटाचा नायकच होता. 2 ऑगस्ट 1920 च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये ‘द स्कायवेमन’ या चित्रपटासाठी विमान गिरक्या घेत खाली आणायचं होतं. दिवसा घेऊन रात्रीसारखं दाखवू, असा कंपनीचा बेत. रात्रीचा हट्ट लॉकलियरचाच. ठरलं असं, की विमान खाली आलं की त्याच्यावर रोखलेले सर्चलाइट विझवायचे, म्हणजे त्याला जमीन दिसेल आणि नाक वर घेता येईल. दिवे विझले नाहीत. लॉकलियर आणि त्याचा जोडीदार मिल्टन इलियट, दोघेही तिथेच गेले. कंपनीनं तो अपघात चित्रपटात ठेवला आणि पुढच्याच महिन्यात चित्रपट लावला. नफ्यातला दहावा हिस्सा घरच्यांना देऊ, अशी जाहिरात करून. आमच्याकडे फॉर्म 700 वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदीवर, सही पडल्याशिवाय विमान जागचं हलत नसे; इथे दिवा विझवायची सही कुणाची होती, हे कुणी विचारलं का, असं मला राहून राहून वाटतं.

राहता राहिला तो लेखासोबतचा फोटो. ‘विमानाच्या पंखावर एक धाडसी तरुणी.’ ती ग्लॅडिस इंगल. ‘थर्टीन ब्लॅक कॅट्स’ या हॉलिवुडी टोळीतली. या मंडळींचं बँडवाल्यांसारखं दरपत्रक होतं : झाडावर नाहीतर घरावर विमान आदळायचं 1,200 डॉलर, हवेत विमान उडवून देऊन पॅराशूटनं उतरायचं 1,500. ‘वेडे पीर’ दरपत्रक काढत नाहीत. आणि ही बाई पाठीवर चाक बांधून एका विमानाच्या पंखावरून चाक निखळलेल्या दुसऱ्या विमानावर गेली, त्याच्या पोटाखाली उतरली आणि उडत्या विमानाला चाक बसवलं. पॅराशूट नाही. फिल्मसाठी मुद्दाम घडवलेला प्रसंग होता, मान्य. पण उंची काही घडवलेली नव्हती. मला जमिनीवर उभ्या विमानाचं चाक बदलायला जॅक, चॉक, एक मदतनीस आणि वर सुपरवायझर लागायचा. तरीही एकदा पिन हातातून निसटून ड्रेनमध्ये गेली आणि दिवसभर बोलणी खाल्ली. हवेत ती निसटली असती तर?

1929 साली ‘विंग्ज’मधल्या यांत्रिक करामतींना ऑस्कर मिळालं. विमानं आपटणाऱ्यांसाठी बक्षीसच नव्हतं. आता 2027 च्या चित्रपटांपासून स्टंटला ऑस्कर देणार आहेत, म्हणजे ‘विंग्ज’नंतर बरोबर शंभर वर्षांनी. अकॅडमीला शंभर वर्षं लागली. तुम्हाला दुरुस्ती छापायला पुढचा रविवार पुरावा.

जाता जाता : पुरवणीत निळ्या रंगावर पांढरी, मुंगीएवढी अक्षरं छापायचं खूळ कुणाचं? ‘एक धाडसी तरुणी’ हे वाचायला मला भिंग घ्यावं लागलं, आणि भिंगातून हे मिळालं.

माझं मागचं पत्र (विषय रस्त्यावरचे खड्डे) तुम्ही तीन ओळींचं केलंत आणि खाली आडनाव भलतंच छापलंत. या वेळी कापायचंच असेल तर समई आणि मातोश्री कापा. माझं नावही छापू नका. ग्रेस, लॉकलियर, इलियट, इंगल ही चार तेवढी ठेवा, ऱ्हस्व-दीर्घासकट.

आपला,
एक निवृत्त एअरफ्रेम फिटर
विश्रांतवाडी, पुणे