मिरजेच्या मुलांनी टिपलेले गाव जपले जावे

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

मिरजेतील एका शाळेच्या नववीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावाविषयी काढलेल्या छायाचित्रांचे प्रदर्शन नुकतेच शाळेच्या सभागृहात भरले होते. या मुलांचे व त्यांच्या शिक्षकांचे मनापासून अभिनंदन करावे, आणि ही छायाचित्रे प्रदर्शनाबरोबर विस्मरणात जाऊ नयेत यासाठी एक सूचना मांडावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गावाचा अभिमान म्हटला की आपली दृष्टी पुतळे आणि कमानी यांपलीकडे सहसा जात नाही. मुलांनी मीरासाहेबांच्या दर्ग्याची छायाचित्रे काढली आहेत, त्याच परिसरात १९३७ पासून चिरविश्रांती घेत असलेले थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या कबरीचेही एक सुरेख छायाचित्र आहे. मात्र ज्या चित्रांपुढून पाय हलत नव्हता, ती सतारमेकर गल्लीतील होती. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांतून दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी सुरू झालेली ही तंतुवाद्यांची कारागिरी मुलांनी टप्प्याटप्प्याने टिपली आहे : सोलापूर जिल्ह्यातून आलेले वाळलेले भोपळे, कापलेल्या भोपळ्यावर झाकणासारखी बसवलेली लाकडी तबली, दांडीवरची नक्षी, खुंट्या, आणि शेवटी तंबोऱ्याची जवारी काढणारे एक वयस्क कारागीर, घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवून तार छेडताना कान अगदी वाद्याला लावलेला. या चित्राखाली एका मुलीने त्यांच्याकडून समजून घेऊन लिहिले आहे, की घोडीचा माथा सपाट न ठेवता त्याला अगदी किंचित उतार द्यावा लागतो, त्यामुळे कंप पावणारी तार त्या उताराला हलकेच स्पर्श करत राहते आणि सूर भरदार होऊन रेंगाळतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण सर्वांनी आनंद व्यक्त केला, पण हे मानांकन नेमके कोणत्या हातांच्या कौशल्याला मिळाले, हे गावातल्या किती जणांनी जवळून पाहिले असेल?

माझ्या दृष्टीने त्या मुलीची ती टीप छायाचित्राइतकीच मोलाची आहे. जागा, तारीख आणि माणसाचे नाव नसलेले छायाचित्र तीस वर्षांनी केवळ ‘कुठले तरी जुने चित्र’ होऊन बसते. शिवाय ही सारी चित्रे मोबाईलवर काढलेली आहेत. मोबाईल बदलतो, बिघडतो. व्हॉट्सॲपवरून चित्र पाठवले की त्याचा आकार आणि बारकावे घटतात आणि मूळ फाईलमधील तारखेची नोंदही बहुधा त्याबरोबर जात नाही. मिरज जंक्शनचेच उदाहरण घ्यावे. रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ एकेकाळी या एका स्थानकात येत होते, आणि एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला कृष्णेचे पाणी घेऊन रेल्वे निघाली तीही येथूनच. पाण्याच्या त्या गाडीची छायाचित्रे वृत्तपत्रांनी जपली असतील, परंतु एकेकाळी अरुंद रुळांवरून पंढरपूरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीची चित्रे आज कोणाच्या तरी घरच्या अल्बममध्ये, विनानोंद पडून असण्याचीच शक्यता अधिक.

ज्या गावात इतिहाससंशोधक वासुदेवशास्त्री खरे यांनी शाळेत शिक्षकी करत असताना मिरजेचे संस्थानिक पटवर्धन यांच्या दप्तरातील हजारो कागद वाचले, निवडले आणि टिपांसह प्रसिद्ध केले, त्या गावाला नोंदीचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नसावी. म्हणून माझी विनंती अशी, की त्यांचे नाव धारण करणाऱ्या खरे मंदिर वाचनालयाने, किंवा पुढाकार घेईल अशा अन्य कोणत्याही ग्रंथालयाने, या छायाचित्रांच्या मूळ फाईली आणि छापील प्रती आपल्याकडे ठेवून घ्याव्यात व त्यासोबत एक नोंदवही ठेवावी. तीत छायाचित्रकार विद्यार्थ्याचे नाव, स्थळ व दिनांक असावा, आणि चित्रातील व्यक्तीचे नाव तिची संमती घेऊनच लिहावे. पुढील वर्षीच्या नववीने नवे विषय अवश्य निवडावेत, पण यंदाच्या काही जागांवर त्याच ऋतूत, शक्यतो त्याच कोनातून पुन्हा चित्रे घ्यावीत. गल्लीतले एखादे दुकान बंद झाले किंवा एखाद्या घरातला मुलगा वडिलांच्या शेजारी कामाला बसू लागला, तर ते अशा सलग चित्रांतूनच कळेल. यासाठी फार मोठा खर्च नाही. जबाबदारी मात्र एकट्या शिक्षकांवर टाकू नये, माजी विद्यार्थ्यांनी त्यात हातभार लावावा.

आपल्या दैनिकालाही एक आग्रहाची विनंती आहे. स्थानिक पानावर दर आठवड्याला यांतील एक छायाचित्र, त्याखालील विद्यार्थ्याच्या टीपेसह आणि नावासह प्रसिद्ध करावे. ज्या घरांत छोट्या गाडीची किंवा जुन्या सतारमेकर गल्लीची चित्रे असतील, त्यांनी ती या मुलांना प्रत काढून घेण्यापुरती द्यावीत, असे आवाहनही त्यासोबत छापता येईल.

आपला विश्वासू,
एक वाचक, मिरज